भूमीचे झारेकरी

कोल्हापूरच्या गुजरीतून भल्या पहाटे जाण्याचा ज्यांस प्रसंग आला असेल, त्यांनी झारेकरी पाहिला असण्याचा संभव आहे. दुकाने उघडण्यापूर्वी हाती केरसुणी व पाटी घेऊन तो सोनारांच्या पायऱ्यांखालची आणि गटाराच्या काठची माती हलक्या हाताने गोळा करीत असतो. नवखा मनुष्य त्यास झाडूवाला समजून पुढे जातो. परंतु ती माती झारेकरी घरी नेतो, पाण्यात घोळून हलका गाळ वाहू देतो, तळाशी राहिलेल्या जड कणांस पाऱ्याने अगर आम्लाने धरतो आणि मग मुशीत घालून आटवितो. पाटीभर धुळीतून गुंजभर सोने निघाले तर त्याचा दिवस सार्थकी लागतो. सोनाराच्या लेखी जे हरवले, ते वस्तुतः विखुरले होते. विखुरलेले पुन्हा एका ठायी आणणे, हाच झारेकऱ्याचा धंदा.

यंदा वर्गात जमिनीविषयीचा पाठ चालू असता आम्हांस या झारेकऱ्याची आठवण झाली, त्यास एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारण झाला. त्याच्या वडिलांचे शेत शहराबाहेर कारखान्यांच्या वसाहतीच्या उताराला आहे. पावसाळ्यात वरून येणारे पाणी शेताच्या एका कोपऱ्यात साचते. तेथे ऊस पिवळा पडतो आणि खत घालूनही सुधारत नाही. “सर, कापड धुतात तशी माती धुता येते का?” असे त्याने विचारले. तास संपत आला होता. आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा राहिलेला भाग समजावा.

आपल्या जिल्ह्याचे नाव जसे गुळासाठी व चपलांसाठी प्रसिद्ध आहे, तसे ते ओतकामासाठीही आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांतून इंजिनांचे व मोटारींचे भाग ओतून बाहेर पडतात. हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांस दूरदूरच्या प्रांतांत गिऱ्हाईक आहे. या धंद्यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो, आणि आपल्या शाळेतील कित्येक मुलांची फी त्यातूनच येते; तेव्हा त्यांस दूषणे देऊन मोकळे होणे आम्हांस शोभणार नाही. पण रसायनशास्त्र कोणाची भीड धरीत नाही. क्रोमियमचा अगर निकेलचा मुलामा चढविणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या धुवणात ते धातू उतरतात. चांदी शुद्ध करताना नायट्रिक आम्लात तांबे विरघळते. दागिन्यांचे सांधे जोडण्याच्या मिश्रणांत कॅडमियम घालण्याची चाल अनेक ठिकाणी पडली. पितळेच्या ओतकामात जस्ताचा धूर निघतो व त्याबरोबर शिशाचे कण उडतात. लोखंडी ओतकामाची जळकी वाळू त्या मानाने निरुपद्रवी असते. तथापि तीही शेतात पडल्याने शेताचे भले होते असे नाही. हे धुवण व ही धूळ जेथल्या तेथे अडविली नाही, तर दोहोंचा शेवटचा मुक्काम मातीत होतो.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. शेण, पाला, मेलेले जनावर, फार काय, सांडलेले रॉकेलसुद्धा मातीतील जीवाणू हळूहळू खाऊन टाकतात व त्याचा वायू आणि पाणी करून सोडतात. धातूंची गोष्ट निराळी. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते मोडून त्याचे दुसरे काही करणे कोणत्याही जंतूच्या सामर्थ्याबाहेरचे आहे. ते जागा बदलील, रूप बदलील, मातीच्या कणास चिकटेल, तेथून सुटेल; नाहीसे मात्र होणार नाही. म्हणून ‘अमुक झाड विष खाऊन टाकते’ असे जे वाक्य अधूनमधून छापून येते, ते धातूंपुरते तरी चुकीचे आहे. झाड विष उचलते. आणि उचललेली वस्तू कोठे तरी ठेवावी लागते, हे घरातील केर काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

शिवाय सर्वच धातू वनस्पतींचे वैरी नव्हेत. जस्त, तांबे, मँगनीज हे त्यांस अल्प प्रमाणात लागतातच. निकेलसुद्धा अत्यल्प का होईना, लागते. अडचण अशी की मुळांची पारख कच्ची असते. कॅडमियमचे गुणधर्म जस्ताच्या पुष्कळ जवळचे आहेत, तेव्हा जस्तासाठी उघडलेल्या दारातून कॅडमियम आत शिरते. सोमलातील आर्सेनिक हे फॉस्फेटच्या वेषात आत येते. झाड फसते, आणि झाडाचे पान अगर दाणा खाणारा मनुष्य त्याच्या मागोमाग फसतो.

ही फसवणूक किती महाग पडते, याचे उदाहरण जपानात घडले. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी भातशेती करणाऱ्या कुटुंबांत, विशेषतः प्रौढ स्त्रियांत, हाडे ठिसूळ होऊन मोडण्याचा विकार पसरला. रोगी वेदनेने “इताई, इताई” म्हणजे “दुखते, दुखते” असे कण्हत, म्हणून रोगासही तेच नाव पडले. नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथे खाण होती. तिच्यातून उतरलेले कॅडमियम पाण्याबरोबर खाचरांत आणि खाचरांतून तांदळात गेले होते. १९६८ साली जपानी सरकारने हे कारण मान्य केले. पुढे ८०० हेक्टरांहून अधिक शेतजमिनीवर स्वच्छ मातीचा थर घालण्याचे काम हाती घेतले गेले. ते १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले. जपानसारख्या संपन्न देशास ज्यास ३३ वर्षे लागली, तो उपाय दीड एकराच्या धन्यास सांगणे ही थट्टाच होय. म्हणून विद्वानांची दृष्टी झाडांकडे वळली.

ही झाडे कोणी निर्माण केली नाहीत. ती आधीपासून रानात उभी होती. जर्मनीत आखेन शहराच्या आसपास जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. तेथील मातीत इतर झाडेझुडपे खुरटतात, पण मोहरीच्या कुळातील एक लहानसे रोपटे मजेत फुलते. १८८५ साली बाउमान नावाच्या संशोधकाने त्याची पाने जाळून राखेची परीक्षा केली, तो तीत शेकडा दहाहून अधिक जस्त! १९४८ साली इटलीत मिंगुझ्झी व व्हेर्न्यानो या दोघांस फ्लॉरेन्सच्या बाजूच्या टेकड्यांवर त्याच कुळातील दुसऱ्या एका रोपात निकेल सापडले. वाळल्या पानाच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग. सामान्य झाडांत ते दहा लाख भागांत थोडके काही भाग असते. १९७६ साली तर प्रशांत महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावर असा वृक्ष प्रसिद्धीस आला की त्याच्या खोडास खाच पाडली असता निळसर हिरवा चीक गळतो, आणि तो रंग निकेलचा असतो. न्यूझीलंडच्या ब्रुक्स यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वनस्पतींस इंग्रजीत एक लांबलचक नाव दिले. आपण त्यांस ‘अतिसंचयी’ म्हणू.

आपल्या ओळखीच्या एका अतिसंचयीचे नाव येथे सांगितलेच पाहिजे. जुन्या चुनेगच्ची भिंतींच्या व विहिरींच्या भेगांतून लांब, कंगव्यासारख्या पानांचा एक नेचा उगवतो. शास्त्रात त्यास टेरिस व्हिटाटा म्हणतात. भारतात तो ठिकठिकाणी आढळतो. २००१ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात लेना मा यांस तो एका दूषित जागेवर वाढलेला आढळला. त्या जागी पूर्वी लाकडास वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त द्रावण पाजीत असत. परीक्षेअंती असे दिसले की हा नेचा मातीतील आर्सेनिक पानांत ओढून साठवितो, आणि मातीत ते मुद्दाम घातले असता वाळल्या पानांत शेकडा दोनाहूनही अधिक साठवू शकतो. ज्या नेच्यास आपण दिवाळीपूर्वी भिंत साफ करताना उपटून फेकतो, त्याच्या अंगी ही विद्या असावी, याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

इतके विष पोटात घेऊन झाड मरत कसे नाही? येथेही झारेकऱ्याचीच रीत आहे. मुळाजवळ विरघळलेला धातू आत येताच झाड त्यास मोकळा फिरू देत नाही; काही आम्ले व प्रथिनांचे घटक त्यास पकडून धरतात. अशा रीतीने बांधलेला धातू खोडातून पानांत चढविला जातो आणि पेशीच्या आतील पाण्याच्या कोठारात, ज्यास रिक्तिका म्हणतात तेथे, कुलपात टाकला जातो. पेशीचे नाजूक व्यवहार कोठाराबाहेर चालतात, म्हणून त्यांस धक्का लागत नाही. सामान्य झाडे उलट करतात. ती धातू मुळांतच अडवून ठेवतात, वर येऊ देत नाहीत. धातूने भरलेले पान कीटकांस आवडत नाही, म्हणून ही साठवण झाडाच्या संरक्षणास उपयोगी पडत असावी, असे कित्येक शास्त्रज्ञांचे मत आहे.

अशी झाडे दूषित जमिनीवर मुद्दाम पेरावी, वाढली म्हणजे कापून न्यावी, पुन्हा पेरावी, असे अमेरिकेच्या शेतकी खात्यातील रूफस चेनी यांनी १९८३ साली सुचविले. कल्पना मोहक आहे. पण मोहक कल्पनेस प्रथम गणिताच्या फळ्यासमोर उभे करावे, ही आमची जुनी खोड आहे. विद्यार्थ्यांनीही कागद घ्यावा.

एक एकर जमीन घ्या. वरच्या वीतभर थराचे वजन ढोबळ मानाने १००० टन, म्हणजे १० लाख किलो भरते. समजा, दर किलो मातीत ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे व ते १ मिलिग्रॅमवर आणावयाचे आहे. म्हणजे किलोमागे ४ मिलिग्रॅम काढावयाचे. सबंध एकरातून ४० लाख मिलिग्रॅम, म्हणजे अवघे ४ किलो. चार किलो! एका पोराने डोक्यावरून नेण्याजोगे ओझे. आता एक अतिसंचयी रोप लावले, त्याचे एकरी वाळलेले पीक २ टन आले आणि दर किलो पिकात १०० मिलिग्रॅम कॅडमियम चढले असे धरा. एका पिकात २ लाख मिलिग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम निघाले. वर्षास एक पीक घेतले तर ४ किलो निघण्यास २० वर्षे लागतील. त्याऐवजी साधी मोहरी पेरली, ती जोमदार येऊन एकरी ४ टन वाळली, पण किलोमागे १० मिलिग्रॅमच उचलू शकली, तर वर्षास ४० ग्रॅम निघेल आणि शंभर वर्षे लागतील. प्रत्यक्षात याहूनही अधिक, कारण मातीस सैल चिकटलेला धातू आधी निघतो व घट्ट चिकटलेला मागे राहतो. शिसे तर मातीस इतके घट्ट धरून असते की मुळांच्या हाती फारसे लागतच नाही.

हे गणित वर्गात केले तेव्हा मुलांचे चेहरे उतरले. आमचा उद्देश त्यांस निराश करण्याचा नव्हता. वीस वर्षांत शेत परत मिळत असेल तर ते काही थोडे नव्हे. शेत कोणी वीस वर्षांसाठी ठेवीत नाही, नातवासाठी ठेवतो. निकेलसारख्या मोलाच्या धातूचे गणित आणखी निराळे ठरते. बोर्निओ बेटावरील साबा प्रांतात, आपल्या आवळ्याच्या व भुईआवळ्याच्याच गणातील एका झुडपाच्या फांद्या कापून, त्या जाळून, राखेतून निकेल काढण्याचे प्रयोग झाले आहेत. त्या झुडपास शास्त्रज्ञांनी वर सांगितलेल्या चेनी यांचेच नाव दिले आहे. मात्र ती माती मुळातच निकेलने भरलेली आहे. आपल्या शेतास ते सुदैव म्हणा की दुर्दैव, लाभलेले नाही.

आता दुसऱ्या झारेकऱ्यांकडे वळू. ते डोळ्यांस दिसत नाहीत, पण पहिल्यांचे निम्मे काम तेच करतात. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात, आणि धातूशी त्यांचा व्यवहार दोन परस्परविरोधी प्रकारचा असतो. काही धातूस मोकळे करतात. कोळशाच्या खाणींतून पाझरणारे तांबूस, आंबट पाणी कशाने होते याचा शोध घेताना अमेरिकेत कोल्मर व हिंकल यांनी १९४७ साली असा जीवाणू दाखवून दिला की जो लोहावर निर्वाह करतो व आम्लात सुखाने नांदतो. त्याच्या जातीचे जीवाणू पुढे हलक्या दर्जाच्या दगडातून तांबे विरघळविण्याच्या कामी लावण्यात आले. काही जीवाणू लोह मिळविण्यासाठी चिमट्यासारखे पदार्थ मातीत सोडतात; त्या चिमट्यांत इतर धातूही सापडतात व मुळांच्या हाती लागतात.

दुसरे काही जीवाणू धातूस कुलूप घालतात. क्रोमियमचेच पाहा. त्याचे एक रूप पाण्यात सहज विरघळते, मातीतून विहिरीपर्यंत पोहोचते आणि कर्करोगास कारण होते. दुसरे रूप मातीस धरून स्वस्थ बसते व पुष्कळ कमी घातक असते. पहिल्याचे दुसरे करणारे जीवाणू मातीत आहेत. त्यांस सेंद्रिय अन्न मात्र पुरवावे लागते. १९८७ साली डेरेक लव्हली यांनी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जीवाणू मिळविला. आपण श्वासाने प्राणवायू घेतो, तसा तो लोहाच्या संयुगावर ‘श्वास’ घेतो. त्याच्या जातीचे जीवाणू विरघळलेल्या युरेनियमचाही साका करून तळाशी बसवितात. अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतातील रायफल या गावी युरेनियमच्या जुन्या कारखान्याच्या आवारात शिरक्यातील आम्लाचे लवण जमिनीत सोडून या जीवाणूंस पोसले, तेव्हा खालच्या पाण्यातील युरेनियम उतरले. धातू तेथेच राहिला. पाण्याबरोबर प्रवास करण्याचे त्याचे पाय तेवढे बांधले गेले. जीवाणूंस अन्न मिळेनासे झाले किंवा वारा लागला तर ते बंधन पुन्हा सुटू शकते, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा दूषित जमिनीपुढे उभे राहिले असता पहिला प्रश्न हा, की आपणांस धातू उपसावयाचा आहे की बांधावयाचा आहे? दोन्ही एकदम करू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

बांधण्याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच, नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे आहे. तेथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या निरुपयोगी दगडमातीचे मोठमोठे ढीग साचले होते. त्यांत सेंद्रिय द्रव्य नाही, पाणी धरून ठेवण्याची शक्ती नाही, जीवाणू नाममात्र आणि मँगनीजसह धातू मात्र भरपूर. वाऱ्याने त्यांची धूळ उडावी व पावसाने गाळ वाहावा. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेतील आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगांवर झाडी उभी केली. त्यांची रीत ऐकण्याजोगी आहे. नुसती रोपे लावून भागणार नव्हते, म्हणून त्यांनी साखर कारखान्यांत उसाचा रस गाळून जो काळपट चोथा उरतो, ज्यास तेथे प्रेसमड व आपल्याकडे मळी म्हणतात, तो घातला. त्याबरोबर हवेतील नत्र धरणारे जीवाणू दिले, आणि मुळांशी संसार करणारी बुरशी दिली. या बुरशीचे तंतू मुळांच्या कितीतरी पलीकडे जाऊन पाणी व फॉस्फरस आणतात आणि पुष्कळसा धातू स्वतःपाशीच अडवून मुळांवरचा भार हलका करतात. साग, शिसू यांसारखी झाडे तेथे धरली. मँगनीज तेथून कोठे गेले नाही. पण ढीग उडेनासा झाला, वाहेनासा झाला, आणि पानगळीने त्यावर नवी माती धरू लागली.

हे वाचताना आमच्या मनात आले, की मळीच्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्याइतका श्रीमंत जिल्हा शोधून सापडणार नाही. गुमगावास जे लांबून आणावे लागले, ते आपल्या कारखान्यांच्या दाराशी ढिगाने पडते.

उपसण्याचे उदाहरण याहून जवळचे, आपल्या शिवाजी विद्यापीठातील. तेथील जीवरसायन विभागात संजय गोविंदवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड रंगविण्याच्या कारखान्यांतील सांडपाण्यावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या एका प्रयोगात असे पाणी चरांतून सोडून चरांच्या वरंब्यांवर झेंडू, गॅलार्डिया यांसारखी बागेतील फुलझाडे लावली होती. पाण्याचा रंग उतरला आणि त्यातील धातूंचे प्रमाणही कमी झाले. रंगाचे रेणू झाडे व जीवाणू मोडू शकतात. धातू केवळ उचलू शकतात, हा वर सांगितलेला भेद येथेही लागू आहे. पण या निवडीतील शहाणपण आम्हांस विशेष आवडले. झेंडू मनुष्य खात नाही, आणि म्हैसही त्याच्या वाटेस सहसा जात नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे नदी-तलावांतील केंदाळ. त्याच्या मुळांस शिसे, कॅडमियम, क्रोमियम पाण्यातून ओढण्याची चांगली शक्ती आहे, आणि कोणी न लावता ते वाढते. परंतु काढलेले केंदाळ काठावरच टाकले तर ते तेथेच कुजते, आणि पहिल्या वळवाबरोबर त्यातील सारे पुन्हा पाण्यात उतरते. झारेकऱ्याने दिवसभर सोने वेचावे आणि संध्याकाळी पाटी गटारात उपडी करावी, त्यातलाच हा प्रकार.

हे सर्व शहाणपण आम्ही इतरांविषयी सांगत आहोत; आता स्वतःच्या फजितीची हकीकत. शाळेच्या मागील बाजूस एक खड्डा होता. काही वर्षांपूर्वी तो ओतकामाच्या काळ्या वाळूने भरून घेतला. वाळू फुकट मिळाली. ती लोखंडाच्या ओतकामाची की पितळेच्या, हे कोणी विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. त्या जागी हरळीसुद्धा धरेना. गतवर्षी मुलांच्या उत्साहाने आम्ही तेथे दोन वाफे केले. एकात नुसती मोहरी टाकली. दुसऱ्यात मळी, शेणखत आणि निरोगी झाडांच्या मुळांजवळची चार पाट्या माती मिसळून मग मोहरी टाकली. पहिल्या वाफ्यातील रोपे बोटभर वाढून पिवळी पडली. दुसऱ्यातील गुडघ्याच्या वर गेली आणि नाताळच्या सुट्टीपूर्वी फुलावर आली. तिने मातीतून काय व किती उचलले हे मोजण्याचे साधन आमच्या प्रयोगशाळेत नाही. पण दोन वाफ्यांतील अंतर पाहून मातीतील जीवाणूंविषयी मुलांस जे कळले, ते आमच्या दहा व्याख्यानांनी कळले नसते.

एके दिवशी सायंकाळी फाटकापाशी आमचे माळीमामा डोक्यावर भारा घेऊन निघालेले दिसले. भारा मोहरीचा होता.

“मामा, हे कोठे नेता?”

“म्हशीला की, गुरुजी. येवढी कवळी मोहरी, वाळवून टाकायची म्हंजे पाप न्हवं का?”

मामांचे यत्किंचितही चुकले नव्हते. आम्ही वर्गात चाळीस मुलांस या विषयावर तीन तास दिले होते, फळा भरून गणिते केली होती. ज्यांच्या हाती विळा होता त्या मनुष्यास मात्र एका शब्दाने काही सांगितले नव्हते. त्यांच्याच म्हशीचे दूध रोज सकाळी आमच्या घरी येते, हे तर त्या क्षणापर्यंत आमच्या लक्षातही आले नव्हते. आम्ही भारा उतरवून घेतला आणि तेथेच पायरीवर बसून मामांस सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली व एवढेच विचारले, “मग हे आता ठिवायचं कुठं?”

या प्रश्नावर पुढचे दोन तास खर्च झाले. जाळावी, असे एकाने सुचविले; पण कॅडमियम व आर्सेनिक धुराबरोबर उडतात, आणि शाळेच्या मागेच वस्ती आहे. पुरावी, असे दुसऱ्याने म्हटले; त्यावर ज्याच्या शेताचा ऊस पिवळा पडतो तो मुलगा म्हणाला, “सर, मग ती उपटली कशाला?” घातक कचरा पुरण्याच्या, तळाशी व वर बंदिस्त केलेल्या जागा आपल्या राज्यात आहेत, पुण्याजवळ रांजणगाव येथे एक आहे. पण साडेसहा किलो वाळक्या मोहरीसाठी तेथवर गाडी कोण पाठविणार? अखेर ती एका पत्र्याच्या पिंपात भरून, झाकण तारेने बांधून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवली आहे. पिंपावर मुलांनी मोठ्या अक्षरांत मोहरीचे नाव, वाफ्याचा क्रमांक व तारीख लिहिली आहे. वाफ्याभोवती मामांनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले असून, आता तेथे कोणी नुसते डोकावले तरी ते हटकतात.

त्या मुलास आम्ही जे सांगितले ते असे. पहिले काम वरच्या पाण्याचे. कोपऱ्याच्या वरच्या अंगास चर खणून ते शेताबाहेर वळवावे, नाहीतर वीस वर्षे उपसा केला तरी भांडे भरलेलेच राहील. कोपऱ्यात पालक, मेथी, अळू अगर जनावरांची वैरण घेऊ नये, कारण पानांत धातू दाण्यापेक्षा अधिक चढतो. चुना घातल्याने कॅडमियम, शिसे यांसारखे धातू मातीस अधिक धरून राहतात. परंतु आर्सेनिक व क्रोमियमचे विरघळणारे रूप यांच्या बाबतीत तो उपाय उलटतो, म्हणून मातीत काय आहे हे कळल्यावाचून चुनाही घालू नये. खुद्द ऊस कशाने पिवळा पडतो, हेही परीक्षेवाचून ठरविणे बरोबर नाही. ते नुसते साचलेल्या पाण्याचे अगर क्षारांचेही काम असू शकेल.

परवा वडिलांस बरोबर घेऊन तो आला होता. कोपऱ्यातील आठ ठिकाणची, वीतभर खोलीची माती त्यांनी लाकडी खुरप्याने काढली, कारण लोखंडी अवजाराचा अंश नमुन्यात उतरू नये असे आम्ही सांगितले होते. सावलीत वाळवून, एकत्र करून त्यांनी तिच्या दोन पिशव्या केल्या होत्या, एक बिघडलेल्या कोपऱ्याची व दुसरी चांगल्या वावराची. दोन्हींवर गट क्रमांक घालून आम्ही त्या तपासणीस पाठविल्या आहेत. वडिलांनी चर खणण्यास आरंभ केला आहे.